लोडिंग चालू असताना डॉकवरून काढलेला स्विच

महापे एमआयडीसीत पावसाळ्यात लाइट जाते, त्यात नवल नाही. त्या दुपारी कम्प्युटर यूपीएसवर चालू राहिले, पण निन्टेन्डोच्या स्विच कन्सोलच्या डॉकचे (कन्सोल टीव्हीला जोडणारा स्टँड) अडॅप्टर साध्या बोर्डावर होते. टेबलावरची सगळी मशीन एकदम टीव्ही मोडमधून हँडहेल्ड, म्हणजे हातात धरून खेळायच्या मोडमध्ये आली. एकावर गेम क्रॅश झाला, बाकी सगळ्यांवर चालूच राहिला. आणि हा पोर्ट, म्हणजे स्विचसाठी बदललेला गेम, त्याच आठवड्यात निन्टेन्डोच्या लॉटचेकला, म्हणजे रिलीजआधीच्या तपासणीला जायचा होता.

त्या मशीनच्या लॉगमध्ये मेमरी संपल्याची नोंद. टेस्टर म्हणाली, "अरे, तो लोडिंगमध्ये होता. तिथेच काढून बघ ना." मेनूत किंवा चालू खेळात स्विच कितीही काढा-घाला, काही होत नव्हतं. पुढच्या लेव्हलचं लोडिंग अर्ध्याच्या पुढे गेलं आणि उचलला, की हमखास क्रॅश.

गेम मुळात पीसी आणि पीएस 4 साठी केलेला. पीएस 4 मध्ये 8 जीबी मेमरी. 2017 च्या स्विचमध्ये 4 जीबी, तीही सीपीयू-जीपीयूत सामाईक आणि त्यातला काही भाग सिस्टिमचा. लोडिंगमध्ये जुनी लेव्हल पूर्ण सुटलेली नसते आणि नवी येत असते, म्हणजे मेमरी काठोकाठ. मोड बदलला की हे इंजिन हँडहेल्डसाठीचे 720p चे नवे रेंडर टार्गेट (फ्रेम ज्यात काढली जाते ते बफर) आधी मागत होतं, टीव्हीसाठीचे 1080p चे जुने नंतर सोडत होतं.

हिशेब मांडला. चार जी-बफर (पृष्ठभागाचा रंग, दिशा वगैरे) प्रत्येकी 4 बाइट, डेप्थ (खोली) 4, एचडीआर (उजेडाचं चित्र) 8, टीएएसाठी (कडा गुळगुळीत करायला) मागची फ्रेम 8: पिक्सेलमागे 36 बाइट. 1080p ला सुमारे 75 एमबी, 720p ला 33. काही फ्रेमपुरते दोन्ही संच एकत्र राहतात. त्यात हँडहेल्डमध्ये जीपीयूचा वेग 768 मेगाहर्ट्झवरून बराच खाली येतो, त्यामुळे हातातल्या फ्रेम रेंगाळतात आणि जुने बफर आणखी अडकून पडतात. उलट्या दिशेला, म्हणजे डॉकवर ठेवताना, एकदम 75 एमबी लागतात. करून पाहिलं; तिथे आणखी लवकर पडला.

क्लायंटचं म्हणणं, टेक्स्चर (वस्तूंवर चढवलेली चित्रं) कमी करा. 2048×2048 ची सहा-सात टेक्स्चर मिपमॅपसकट (त्यांच्या लहान प्रतींसकट) काढली असती तर 33 एमबी सुटले असते, खरं. पण त्याने क्रॅश झाकला जातो, जात नाही. पुढच्या पॅचमध्ये कुणी दोन मॉडेल वाढवली की पुन्हा तेच.

आम्ही सुरुवातीलाच 1080p चा एकच संच घेतला आणि हँडहेल्डमध्ये त्याच्या कोपऱ्यातला 1280×720 भाग वापरला. डॉकसाठी तेवढी जागा राखलेलीच होती, त्यामुळे मेमरीचं बजेट वाढलं नाही. त्रास शेडरनी, म्हणजे जीपीयूवर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमनी दिला. टेक्स्चर 0 ते 1 पूर्ण भरलेलं आहे असं धरून चालणारा प्रत्येक शेडर बदलावा लागला. ब्लूममध्ये (उजेडाभोवतीची चमक) उजव्या आणि खालच्या कडेला जुन्या फ्रेमचे रंग झिरपत होते. सॅम्पलिंग कडेच्या अर्धा पिक्सेल आत रोखल्यावर ते थांबलं. मोड बदलताना टीएएची मागची फ्रेमही टाकून द्यावी लागते, नाहीतर सावल्यांसारखे डाग उमटतात. एक फायदा आयता मिळाला: गर्दीच्या प्रसंगात फ्रेमरेट टिकवायला रेझोल्यूशन त्याच संचात खाली आणता येतं, नवी मेमरी न मागता.

स्विच 2 मध्ये 12 जीबी मेमरी आहे, पण डॉकवर 4के पर्यंत जाता येतं. याच 36 बाइटांनी सगळे बफर 4के ला ठेवले तर एकट्या त्या संचाला जवळपास 300 एमबी लागतील.