अवांतर: युनायटेडच्या मोसमाची वही

वही भरली. दोनशे पानी, एकरेघी, अप्पा बळवंत चौकातून आणलेली. मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबचा २०२४-२५ चा अख्खा मोसम तिच्यात आहे, एका सामन्याचं पान सोडून. ते पान कोरं का राहिलं, ते सांगेनच.

आधी हिशोब देऊन टाकते. प्रीमियर लीगमध्ये ३८ सामने, ११ विजय, ९ बरोबऱ्या, १८ पराभव. ४४ गोल केले, ५४ खाल्ले. गुण ४२, क्रमांक १५ वा. १९७३-७४ मध्ये संघ खालच्या श्रेणीत घसरला होता, त्यानंतर इतका खालचा क्रमांक कधी आला नव्हता. युरोपा लीगची, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेची, अंतिम फेरी गाठली आणि तीही हरलो. लिव्हरपूलवाल्यांनो, हसून झालं असेल तर पुढे वाचा.

वहीमागची कल्पना साधी होती. आपण खाल्लेला प्रत्येक गोल लिहायचा. चार रकाने आखले: मिनिट, कोणी केला, कसा झाला आणि चूक कोणाची. चौथा रकाना सगळ्यात रुंद ठेवला होता, कारण तिथेच जास्त लिहावं लागणार हे ठाऊक होतं.

१ सप्टेंबर, रविवार, रात्री साडेआठ. लिव्हरपूल आपल्या घरी येऊन ०-३. पहिले दोन्ही गोल लुईस डियाझचे, आणि दोन्हींच्या आधी चेंडू आपल्या कासेमिरोने गमावलेला. मी चौथ्या रकान्यात दोनदा त्याचं नाव लिहिलं, दुसऱ्यांदा दोन उद्गारचिन्हांसकट. बाबा शेजारी बसून वहीत डोकावत होते. बाबांनी वीसेक वर्षं रविवारी क्लब क्रिकेटचं गुणलेखन केलंय. एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला निळी अशी पेन्सिल अजून त्यांच्या खिशात असते. फुटबॉल त्यांना फारसा कळत नाही, वही कळते.

"मध्यंतराला याला बाहेर काढला ना?"

"हो."

"मग तिसरा गोल कुणाच्या नावावर?"

मी आपल्या कोबी मेनूचं नाव लिहिणार होते. चेंडू त्याच्या पायातून गेला होता. बाबा म्हणाले, "धावपुस्तकात शिव्यांना रकाना नसतो गं. चेंडू कुठून गेला ते लिही. बाइज कुणा गोलंदाजाच्या खात्यात टाकतो का आपण? खाली अवांतरमध्ये जातात." मला तेव्हा ते पटलं नाही. हरल्यावर कुणालाच पटत नाही.

१४ सप्टेंबर, साउदॅम्प्टन. संध्याकाळी पाचचा सामना आणि गणपतीचे दिवस. खालच्या मंडळाचा स्पीकर इतका मोठा की समालोचन ऐकूच येईना. ०-० असताना आपल्या गोलकीपरने, ओनानाने, पेनल्टी अडवली, ती मी ढोलाच्या ठेक्यावर पाहिली. ३-० जिंकलो. वहीचं पान रिकामं राहिलं आणि मी खूश. रिकामं पान म्हणजे चांगला दिवस, असं माझं तेव्हाचं गणित होतं. ते किती चुकीचं होतं ते पुढे येतंय.

२७ ऑक्टोबरला वेस्ट हॅमकडून १-२, नव्वद मिनिटांनंतरच्या भरपाई वेळेतल्या पेनल्टीवर. दुसऱ्या दिवशी मी दिवाळीच्या चिवड्याचे पोहे भाजत होते आणि फोनवर बातमी आली: प्रशिक्षक टेन हाग गेला. जुलैमध्येच करार वाढवून दिला होता, मेमध्ये एफए कपच्या अंतिम सामन्यात मँचेस्टर सिटीला हरवलं होतं त्या जोरावर. पोहे जरा जास्तच लाल झाले. मग हंगामी प्रशिक्षक म्हणून व्हॅन निस्टलरॉयने चार सामने सांभाळले, तीन जिंकले, एक बरोबरीत सोडवला. तेवढ्यात आमच्या ग्रुपवर 'यालाच ठेवा' सुरू झालं. चार सामन्यांवर!

नव्या प्रशिक्षकाचा, अमोरिमचा, पहिला सामना २४ नोव्हेंबरला, विधानसभेच्या निकालाच्या दुसऱ्या दिवशी. गल्लीतला गुलाल अजून झाडलेला नव्हता. इप्सविचविरुद्ध दुसऱ्याच मिनिटाला रॅशफोर्डचा गोल, आणि शेवट १-१. अमोरिमच्या मांडणीत मागे तीन बचावपटू, मधे दोघं, दोन्ही कडांना पळणारे विंगबॅक, पुढे तिघं. डाव्या कडेला हक्काचा डावखुरा खेळाडू फिट नाही, म्हणून उजव्या पायाचा दालो तिकडे. दर वेळी चेंडू उजव्या पायावर घ्यायला तो आत वळायचा आणि हल्ला तिथेच मंदावायचा. हे टीव्हीवर सहज दिसत नाही, चेंडूवरची नजर काढून कडेला ठेवली की दिसतं. डावखुरा डॉर्गू आला तो फेब्रुवारीत.

आता डिसेंबर. या महिन्याने माझी वही बदलली म्हणून इथे जरा थांबते.

४ डिसेंबरला आर्सेनलकडून ०-२, दोन्ही गोल कॉर्नरवरून. ७ तारखेला नॉटिंगहॅम फॉरेस्ट, दुसऱ्याच मिनिटाला कॉर्नरवरून मिलेन्कोविचचं हेडर. मधे १५ तारखेला सिटीला त्यांच्याच मैदानावर शेवटच्या काही मिनिटांत दोन गोल करून हरवलं, आणि मी वेड्यासारखी पेढे घेऊन आले. १९ तारखेला लीग कपमध्ये टॉटनहॅमच्या सनने कॉर्नर मारला तो कुणालाही न लागता थेट जाळ्यात. २२ ला बोर्नमथ, फ्रीकिकवरून हेडर. २६ ला वुल्व्हजच्या कुन्याने पुन्हा थेट कॉर्नरवरून गोल केला. एका आठवड्यात दोन वेळा, दोन वेगळ्या गोलकीपरांवर! माझ्या रकान्यात आधी बायिंदिर, मग ओनाना.

तेव्हा पहिल्यांदा मी ते दोन्ही गोल लागोपाठ पुन्हा पाहिले. आत वळणारा कॉर्नर असला की गोलकीपरला पुढे दोन पावलं यायला जागा लागते. ती जागा समोरचा संघ माणसं उभी करून बुजवतो. मग आपल्या कुणीतरी त्या माणसाला हलवायचं असतं. आपले बचावपटू मात्र चेंडूकडे बघत आपापल्या टप्प्यात उभे. गोलकीपर अडकलेला, आणि रीप्लेमध्ये फक्त त्याचे वर गेलेले हात दिसतात. मग ग्रुपवर त्या हातांचे मीम. दहा सेकंद आधीचं कुणी बघत नाही.

आणि ३० डिसेंबरचा न्यूकॅसल, आपल्याकडे ३१ च्या पहाटे दीड वाजता. चौथ्या मिनिटाला इसाक, एकोणिसाव्याला जोएलिंटन, दोन्ही क्रॉसवर हेडर. मधल्या फळीत आपले कासेमिरो आणि एरिक्सन, दोघंही तिशी ओलांडलेले. समोर तोनाली, ब्रुनो गिमाराइश, जोएलिंटन. दोघांनी तिघांना धरायचं. विंगबॅक वर गेलेले, त्यामुळे त्या दोघांनाच अख्खी रुंदी राखायची. कर्वे रोडच्या दोन्ही कडा एकट्या हवालदाराने सांभाळाव्यात, तसं.

तेहेतिसाव्या मिनिटाला आपल्या आघाडीच्या झिर्कझीला बाहेर बोलावलं. ओल्ड ट्रॅफर्डवर टाळ्या पडल्या, त्याच्यासाठी नाही, तो जातोय म्हणून. पोरगं सरळ ड्रेसिंग रूमकडच्या बोगद्यात निघून गेलं, नंतर परत येऊन बाकावर बसलं. मी टीव्हीचा आवाज बंद ठेवला होता तरी त्या टाळ्या ऐकू आल्यासारखं झालं. त्याच्या जागी मेनू आला, मधे तिसरा माणूस मिळाला, आणि त्यानंतर आपण गोल खाल्ला नाही. म्हणजे त्याला काढलं ते मधे माणूस कमी पडत होता म्हणून. पुढच्या तिघांपैकी कुणाला तरी जावंच लागणार होतं.

मी मागची पानं उलटली. माझा चौथा रकाना म्हणजे त्याच टाळ्या होत्या, फक्त पेनाने मारलेल्या.

सकाळी बाबांकडून पेन्सिल मागून घेतली आणि 'चूक कोणाची' वर लाल रेघ मारली. खाली निळ्याने लिहिलं: 'दहा सेकंद आधी'. आणि ज्या गोलचं खापर एकट्यावर फोडता येत नाही त्यापुढे 'अ', म्हणजे अवांतर. बाबांनी चहा पिता पिता डिसेंबरची पानं पुन्हा भरलेली पाहिली. जवळजवळ प्रत्येक ओळीत 'अ'. म्हणाले, "एवढे अवांतर कीपरमुळे होत नाहीत. खेळपट्टीच बघायला हवी तुमची."

जानेवारीत खेळपट्टी कुणी बदलली नाही. साउदॅम्प्टनविरुद्ध आपल्या अमादने ८२ व्या मिनिटापासून पुढे तीन गोल ठोकले. तीनच दिवसांनी ब्रायटनने घरी येऊन ३-१ हरवलं आणि अमोरिम स्वतःच म्हणाला की क्लबच्या इतिहासातला कदाचित हा सगळ्यात वाईट संघ असेल. फेब्रुवारीत अमादचा घोटा गेला.

आता माझी स्वतःची चूक सांगते. हिला अवांतर म्हणता येणार नाही. एप्रिलमध्ये सिटीशी ०-० झालं, वहीचं पान रिकामं, आणि मी सवयीने खूश होणार तेवढ्यात लक्षात आलं की गेले आठ महिने मी फक्त खाल्लेले गोल लिहितेय. दुसऱ्या टोकाला काय चाललंय त्याला वहीत जागाच नाही. लीगमध्ये आघाडीच्या होयलुंडचे शेवटी ४ गोल झाले, झिर्कझीचे ३. सगळ्यात जास्त आपल्या ब्रुनो फर्नांडिसचे आणि अमादचे, प्रत्येकी ८. फेब्रुवारी ते मे या काळात टॉटनहॅम, फॉरेस्ट, वुल्व्हज, चेल्सी, चौघांकडून ०-१. प्रत्येकी एकच गोल खाल्ला! वहीनुसार हे बरे दिवस. मोसम मात्र तिथेच गेला. पुढच्या तिघांना चेंडू मिळायचा तेव्हा पाठ गोलकडे असायची आणि समोरची बचावफळी जागेवर येऊन उभी राहिलेली असायची. हे मला आठवणीवरून सांगावं लागतंय, कारण लिहिलेलं नाही. कुणी अशी वही सुरू करत असाल तर दोन्ही टोकं लिहा. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "फक्त बोलिंगचं पान लिहीत होतीस होय?"

आता ते कोरं पान. १७ एप्रिल, युरोपा लीगची उपउपांत्य फेरी, ल्योन. आपल्याकडे १८ ला मध्यरात्री साडेबारा. दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडेची सुट्टी, म्हणून बसले. पंखा पाचवर, टीव्ही मुका, पेन्सिलीला टोक. पहिल्या सामन्यात २-२. इथे २-० ने पुढे होतो, मग २-२. ल्योनचा तोलिसो लाल कार्ड घेऊन बाहेर, तरी जादा वेळेत दहा जणांनी दोन गोल केले. ४-२. १०९ व्या मिनिटाच्या पेनल्टीसाठी मी मिनिट लिहायला हात टेकवला आणि तिथेच थांबले. ११४ ला ब्रुनोची पेनल्टी. १२० ला मेनूने चेंडू शांतपणे उजव्या पायावर घेतला आणि कोपऱ्यात सोडला. आणि मिनिटाभरात मॅग्वायरचं हेडर. मॅग्वायर! ज्याच्यावर इतकी वर्षं विनोद केले तो बचावपटू, आघाडीला पाठवलेला. ५-४, दोन्ही सामने मिळून ७-६.

आवाज करायचा नाही म्हणून मी उशी तोंडावर दाबून घेतली होती. आई पाणी प्यायला उठली. मला तशी बघून दारातच थबकली. "काय झालं गं? कुणाचा फोन आला?"

"नाही गं आई, जिंकलो."

घड्याळाकडे बघून ती म्हणाली, "तीन वाजलेत," आणि निघून गेली. ते पान नंतरही भरलं नाही. रविवारी वुल्व्हजकडून घरी ०-१.

ऑफिसमध्ये एकजण दर सोमवारी विचारतो, सोडत का नाही हा संघ. त्याला बालेवाडीची गोष्ट सांगते. इंडियन सुपर लीगमधल्या एफसी पुणे सिटीचा नारिंगी शर्ट अजून माझ्या कपाटात आहे. २०१४ पासून जात होते. २०१७-१८ मध्ये उपांत्य फेरीपर्यंत पोहोचलो, घरी ०-०, आणि बेंगळुरूत सुनील छेत्रीने तीन गोल मारून परत पाठवलं. २०१९ मध्ये संघच बंद झाला, जागा हैदराबादला गेली. हरणाऱ्या संघाला निदान पुढचा शनिवार असतो.

युरोपा लीगचा बिल्बाओमधला अंतिम सामना २१ मेला, म्हणजे आपल्याकडे २२ च्या मध्यरात्री. पुन्हा टॉटनहॅम. मोसमात तीनदा त्यांच्याकडून हरलो होतो. ते स्वतः लीगमध्ये १७ वे! त्या आठवड्यात पुण्याला मेमध्येच पावसाने झोडपलं होतं, वीज जाईल की काय ही वेगळी धास्ती. बाबा पहिल्यांदाच पूर्ण सामन्याला जागे राहिले. ४२ व्या मिनिटाला डावीकडून क्रॉस, जॉन्सनचा पाय, आपल्या शॉचं अंग, पुन्हा जॉन्सनचा पाय, आणि चेंडू घरंगळत आत. बाबांनी वही माझ्या हातातून घेतली. गोल जॉन्सनचा लिहिला, मिनिट लिहिलं, शेवटच्या रकान्यापाशी थांबून माझ्याकडे बघितलं. मी काहीच बोलले नाही. त्यांनी निळ्या टोकाने 'अ' काढला.

दुसऱ्या अर्धात होयलुंडचं हेडर रिकाम्या गोलकडे निघालं होतं. व्हॅन डे व्हेनने हवेत उलटं होत रेषेवरून ते बाहेर काढलं. मी डोकं धरलं. बाबांनी चक्क टाळी वाजवली. "सीमारेषेवरचा झेल आहे हा," म्हणाले, आणि माझा चेहरा बघून टाळी आवरती घेतली. ०-१. चौथ्यांदा. म्हणजे पुढच्या मोसमात युरोपातली कुठलीच स्पर्धा नाही.

२५ तारखेला व्हिलाला २-० हरवलं. पान रिकामं, पण मागच्या बाजूला दोन ओळी लिहिल्या: अमाद, एरिक्सनची पेनल्टी. नव्या वहीत असंच करणार आहे, डावीकडे खाल्लेले, उजवीकडे केलेले.

शनिवारी त्याच दुकानात गेले होते. काउंटरवरच्या काकांनी न विचारताच दोनशे पानी काढून ठेवली.

"शंभर पानीच द्या," मी म्हटलं. "यंदा युरोप नाही."