आमची वाटचाल: माऊस नेला की उजळणारी बटणं

सुरुवातीला आम्ही दोघंच, मी आणि माझा पार्टनर. नावाला वेबसाइट करायचो पण खरं सांगू का, पोट भरलं ते बटणांवर. माऊस नेला की मेनूतलं बटण उजळलं पाहिजे, बस, क्लायंट तेवढ्यावर खूश, मजकूर कोण वाचतंय!

तेव्हा सगळं हाताने. प्रत्येक बटणाच्या दोन जीआयएफ इमेज, एक साधी आणि एक माऊस आल्यावरची, आणि त्यांची अदलाबदल करायला ऑनमाऊसओव्हर-ऑनमाऊसआउटचं (माऊस आला-गेला की चालणारं) जावास्क्रिप्ट. पहिल्याच मोठ्या कामात तोंडावर आपटलो. साधी इमेज ८४ बाय २४, आणि ग्लो (भोवतीची चमक) दिलेली, कडेची रिकामी जागा कापून ट्रिम केल्यावर झाली ८८ बाय २८, एचटीएमएलमध्ये, म्हणजे पानाच्या कोडमध्ये, माप साधीचं लिहिलेलं, मग माऊस नेला की ब्राउझर मोठी इमेज त्याच चौकटीत कोंबायचा, अक्षरं आकसायची, माऊस काढला की परत फुगायची. क्लायंट म्हणाला, "बटण श्वास घेतंय का हो?" आम्ही दोन दिवस कोड तपासतोय आणि चूक फोटोशॉपमध्ये!

मग १९९९ ला फोटोशॉप ५.५ सोबत इमेजरेडी हे वेबच्या इमेज करायचं सॉफ्टवेअर मिळालं आणि हा वैताग संपला. एकच डिझाइन, त्याचे स्लाइस (तुकडे) पाडायचे, रोलओव्हर पॅलेटमध्ये नवीन स्टेट (बटणाचं रूप) घेतली की ती ओव्हर, म्हणजे माऊस आल्यावरची, म्हणून यायची, तिथे ग्लोची लेयर चालू केली की झालं. स्लाइसचं माप सगळ्या स्टेटला एकच, त्यामुळे अक्षरं जागची हलायची नाहीत. सेव्ह केलं की इमेज, एचटीएमएल, जावास्क्रिप्ट सगळं तयार. फायरवर्क्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हेच फ्रेम्समधून व्हायचं, पार्टनरचा जीव त्यात, यावरून आमची भांडणं व्हायची ती वेगळीच.

पण मला शहाणपणा सुचला. इमेजरेडीने लिहिलेला कोड फार लांबलचक वाटला म्हणून मी त्यातला प्रीलोडचा (इमेज आधीच मागवून ठेवण्याचा) भाग फालतू समजून उडवला. आमच्याकडे पान हार्डडिस्कवरून उघडायचं, सगळं झटपट. क्लायंटकडे ५६के मोडेम, सेकंदाला फार तर पाचेक केबी, आणि ओव्हरची इमेज माऊस गेल्यावर मागवायला लागायची, ती येईपर्यंत माऊस पुढच्या बटणावर. त्याला वाटलं इफेक्ट टाकलेलाच नाही, आम्ही पैसे उगाच लावले. मुकाट्याने कोड परत घातला.

पुढे सीएसएस (पानाचं रूप ठरवणारा कोड) स्प्राइट आले, दोन्ही स्टेट एकाच इमेजमध्ये एकाखाली एक लावायच्या आणि हॉवरला (माऊस वर आल्यावर) बॅकग्राउंड पोझिशन २४ पिक्सेल वर सरकवायची, एकच फाइल, त्यामुळे प्रीलोडची भानगडच नाही. मला ते आवडलं पण आमचं बटणांचं बिल आटलं. २००७ च्या सीएस३ पासून इमेजरेडी गेलं, २०१३ मध्ये अडोबीने फायरवर्क्सचंही काम थांबवलं, पार्टनर त्या दिवशी कुणाशी बोलला नाही.

आता ग्लो, सावली, रंग सगळं सीएसएसमध्येच होतं आणि फोनवर तर माऊसच नाही, म्हणून हॉवरपेक्षा बोट दाबल्यावरची स्टेट आम्ही आधी करतो. नवीन पोरं हसतात, पण त्यांनी बटण दाखवलं की मी अजून आधी दोन्ही स्टेट एकमेकींवर ठेवून वरच्या लेयरचा डोळा (दाखवा-लपवाचं चिन्ह) चालू-बंद करून बघतो, अक्षर एक पिक्सेल जरी हललं तरी फाइल परत.