चरबीची हाक

गुरुवार, रात्री

आज एम.एस्सी.च्या वर्गात दाह शिकवताना ल्युकोट्राईन बी-४ पाशी, म्हणजे दाहाच्या (सूज, इन्फ्लमेशन) जागी पांढऱ्या पेशींना बोलावणाऱ्या मेद-रेणूपाशी, आले आणि तास तिथेच संपला. या रेणूवर माझा जीव आहे, तो लपत नाही.

मास्ट पेशीला किंवा न्यूट्रोफिलला (दोन्ही रोगप्रतिकारक पेशी; न्यूट्रोफिल म्हणजे जंतूंवर आधी धावणारी पांढरी पेशी) धोक्याची चाहूल लागते, तसं तिच्या आवरणातल्या मेदातून ॲराकिडॉनिक आम्ल हे मेदाम्ल सुटतं. ५-लायपॉक्सिजनेज आणि त्यामागची विकरं (एन्झाइम) त्यापासून बी-४ हा संदेश घडवतात, तोही काही मिनिटांत. नवं प्रथिन करायचं तर जनुक जागं होण्यापासून सुरुवात. इथे पेशी स्वतःच्या आवरणाचाच तुकडा काढून हाक मारते.

१९७९ मध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत बोर्जा आणि सॅम्युएलसन यांनी हा रेणू सशाच्या पांढऱ्या पेशींत ओळखला. १९८२ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालेल्या तिघांत सॅम्युएलसन होते. पुढे बरीच वर्षं हा न्यूट्रोफिलचाच विषय मानला गेला. मग २००३ मध्ये 'नेचर इम्युनॉलॉजी'त एकाच वेळी तीन शोधनिबंध आले: टी-पेशीही (ठरावीक शत्रू ओळखणाऱ्या पांढऱ्या पेशी) या हाकेला ओ देतात, पण सक्रिय झाल्यावरच. अनुभव नसलेल्या टी-पेशीवर बीएलटी-१ हा रिसेप्टर, म्हणजे बी-४ ची हाक ऐकणारा कान, जवळजवळ नसतो. प्रतिजनाची (ती ज्याच्याविरुद्ध लढते त्या परक्या रेणूची) ओळख पटून ती लढाऊ झाली की तो उगवतो. उंदरांच्या दम्याच्या प्रयोगात फुफ्फुसाकडे सगळ्यात आधी धावणाऱ्या टी-पेशींना याच वाटेची गरज पडत होती.

मागच्या बाकावरून एकीनं विचारलं, "मॅडम, आधीपासूनच का नसतो?" मला तो प्रश्न फार आवडला. मला पटणारं उत्तर असं: नवख्या पेशीला तिचं प्रतिजन भेटायचं ते लसिकाग्रंथीत. दाह दिसेल तिकडे ती ओढली गेली, तर तिथे करणार काय? आणि ग्रंथीतून बाहेर पडायची खूणसुद्धा एक मेदच देतो, स्फिंगोसिन-१-फॉस्फेट. फिंगोलिमोड हे मल्टिपल स्क्लेरोसिसचं (रोगप्रतिकारक पेशी मेंदू-मज्जारज्जूवरच हल्ला करतात तो आजार) औषध तीच खूण बिघडवतं आणि पेशी ग्रंथीत अडकून राहतात.

वर्गातल्या दोघातिघांनी मॉन्टेल्युकास्ट या दमा-ॲलर्जीवरच्या गोळीचं नाव घेतलं. घरात कुणी ना कुणी ती गोळी घेतंच. ती ल्युकोट्राईनच्या दुसऱ्या फांदीवर काम करते. बी-४ ची वाट तिच्यामुळे बंद होत नाही, हे फळ्यावर आकृती काढूनच पटलं.

मग बी-४ चीच वाट अडवली तर? तसं औषध केलं गेलं, अमेल्यूबंट. सिस्टिक फायब्रोसिस या, फुफ्फुसात घट्ट चिकट कफ साचणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांना ते दिलं. त्यांच्या फुफ्फुसांची हानी न्यूट्रोफिलच करतात, म्हणून विचार सरळ वाटत होता. पण औषध घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा त्रास वाढला आणि चाचणी मध्येच थांबवावी लागली. जंतू तिथे ठाण मांडून होतेच. ज्या पेशींच्या गर्दीला आपण निव्वळ नासधूस समजतो, तीच त्यांना थोपवून धरत असावी, असं मला वाटतं. या चाचणीवर अर्धा तास तरी द्यायला हवा होता; घंटा झाली.