वस्तऱ्याची नोंदवही: दोन इंची पट्टा आणि कापडाची बाजू

मागच्या नोंदीनंतर दाढीचा वस्तरा धार लावायच्या दगडावर गेलेला नाही. ५/८ (पात्याची रुंदी, इंचात), फुल हॉलो (दोन्ही बाजू पूर्ण खोलगट घासलेल्या), जर्मनीतल्या सोलिंगनचं जुनं पातं. १२,००० ग्रिटच्या, म्हणजे अगदी बारीक दगडावर शेवटचा हात मारला होता, तेव्हापासून फक्त पट्टा, म्हणजे त्याची कापडाची आणि चामड्याची बाजू. गालावर अजून मऊ चालतो, पण हनुवटीखाली मधूनच ओढायला लागला होता. दगड काढायच्या आधी धार दिव्याखाली धरून पाहिली.

ही तपासणी मला केस लटकवून कापून बघण्यापेक्षा जास्त भरवशाची वाटते. धार वर करून पातं डोळ्यासमोर धरायचं आणि दिव्याखाली हळूहळू कलतं करायचं. पाजवलेल्या धारेवर प्रकाश परतायला जागाच नसते, त्यामुळे ती काळी दिसते. कुठे बारीक पांढरी रेघ चमकली, तर तिथे धार गोल झालेली आहे. माझ्या पात्यावर ती रेघ मुठीकडच्या कोपऱ्यात होती, जेमतेम काही मिलिमीटर. बाकी सगळी धार स्वच्छ. म्हणजे त्या कोपऱ्यापर्यंत पट्टा पोचतच नव्हता.

कारण पट्ट्याची रुंदी. तीन इंची पट्ट्यावर अख्खं पातं एकदम बसतं, सरळ ओढलं की झालं, म्हणून नवख्यांना तोच सुचवला जातो. पण त्यासाठी धार सरळ हवी. जुन्या वस्तऱ्यांची धार बहुतेक वेळा किंचित कमानदार असते. मधला भाग चामड्याला टेकतो आणि दोन्ही टोकं अधांतरी राहतात. चामडं थोडं दबतं म्हणून निभावतं, पण सगळंच नाही. आता दोन इंची पट्ट्यावर एक्स-स्ट्रोक मारतोय: सुरुवातीला मुठीकडचा कोपरा पट्ट्यावर, ओढताना पातं तिरकं सरकवत शेवटी टोकाकडचा भाग. सवय व्हायला वेळ लागतो, मनगट आधी ऐकत नाही. पण वाकडी किंवा कमानदार पाती असतील तर मी आता अरुंद पट्टाच घ्या म्हणेन.

गोल झालेली रेघ मात्र नुसत्या चामड्याने गेली नसती. आयोवा स्टेट विद्यापीठाचे धातुशास्त्रज्ञ जॉन व्हरहूवन यांनी २००४ साली सुऱ्यांच्या धारेवरचे प्रयोग मांडले. त्यात कोऱ्या चामड्याचा परिणाम फारच थोडा दिसला आणि क्रोमियम ऑक्साइड लावलेल्याचा भरपूर. त्यामुळे वेगळ्या कॅनव्हासच्या पट्टीवर त्याच क्रोमियम ऑक्साइडची ०.५ मायक्रॉनची हिरवी पेस्ट अगदी विरळ चोळली, मोजके फेरे मारले, मग साधं कापड, मग चामडं. रेघ गेली. पेस्ट रोज वापरू नका, हेही सांगतो. ती धातू खाते, आणि मऊ बुडावर फार फेरे झाले की धार हळूहळू गोलावते. मग दगडाशिवाय गत्यंतर नाही.

रोजच्या पट्ट्याचं काम वेगळं. वापरल्यावर धारेवर साबणाचा अंश आणि ओल राहते, आणि कार्बन स्टीलची इतकी पातळ धार गंजायला निमित्तच शोधत असते. कापडाची बाजू हे सगळं पुसून काढते. म्हणून मी दाढीनंतरही, पातं कोरडं करून, कापडावर थोडे फेरे मारतो. दाढीच्या आधी लिननवर वीस-तीस आणि चामड्यावर पन्नास-साठ, हा बहुतेकांचा हिशेब मलाही पटतो. कुठलं चामडं, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. घोड्याचं गुळगुळीत, त्यावर पातं झरकन सरकतं; गाईचं जाड, जरा ओढ देणारं; कॉर्डोव्हन (घोड्याच्याच पुठ्ठ्याचं चामडं) देखणं आणि महाग. हा फरक हाताला जाणवतो, धारेला फारसा नाही, असं माझं मत झालंय. पैसे घालायचेच तर चांगल्या विणीच्या लिननमध्ये घाला.

चामड्यापेक्षा ताण महत्त्वाचा. पट्टा सैल असला की तो पात्याभोवती वळतो आणि धारेचा कोन मोडतो. वस्तऱ्याचा कोन पाठीच्या जाडीने ठरलेला असतो, आपण फक्त पाठ आणि धार दोन्ही टेकलेली ठेवायची. पट्टा ताठ, हात हलका. ताण जमत नसेल तर लाकडी फळीवर चिकटवलेला पट्टा किंवा स्क्रूने ताणायचा लूम (चौकटीवरचा पट्टा) बरा. ओढताना नेहमी पाठ पुढे, धार मागे. वळवायचं ते पाठीवरच, पाठ चामड्यावरून न उचलता. वळताना ‘टक्’ असा आवाज आला तर पातं हवेत उचललं जातंय. बरोबर जमलं की नुसती सळसळ ऐकू येते. घाईत चामड्याला खाच पडलीच, तर कडा बारीक सँडपेपरने सपाट करून घ्या. खाच खोल नसेल तर काही बिघडत नाही.

पट्टा कुठवर पुरतो याची एक मर्यादा एमआयटीच्या संशोधकांनी २०२० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवली. केस पोलादापेक्षा सुमारे पन्नास पट मऊ, तरी धारेचे बारीक टवके उडतात: केस वाकून पात्यावर कलता दाब देतो आणि पोलादाची रचना जिथे एकसारखी नसते तिथून कपची निघते. अभ्यास वापरून टाकायच्या ब्लेडांचा होता, पण लूपखाली (छोट्या भिंगाखाली) माझ्या पात्यावरही असेच दोन टवके दिसतायत. ते चामड्याने भरणार नाहीत. सध्या टोचत नाहीत, म्हणून राहू दिलेत.

पुढच्या नोंदीत सरळ धारेचं ६/८ घेऊन तीन इंची पट्टा पुन्हा तपासणार आहे. पेस्टची पट्टी तोवर वेगळ्या खुंटीला. हिरवी पूड रोजच्या चामड्याला एकदा लागली की पुरती निघत नाही.