बुरशी चढलेली फायनल

कॅसेटची खिडकी उजेडाकडे धरली आणि माझ्या पोटात गोळा आला. टेपच्या गुंडाळीवर पांढरे धागे पसरले होते, शिळ्या भाकरीवर चढतात तसे. काउंटरपलीकडे गुरुजी उभे होते. छत्रीचं पाणी पायाशी टपकत होतं आणि नजर माझ्या तोंडावर खिळली होती.

दर्यापूरपासून थोड्या अंतरावर स्टँडजवळ माझा फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ आहे. लग्न, साक्षगंध, शाळेचं गॅदरिंग हे नेहमीचं काम. जोडीला जुन्या व्हीएचएस कॅसेट पेन ड्राइव्हवर उतरवून देतो. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी जपानची फुनाई, तिनंही २०१६ च्या जुलैत हे काम थांबवलं. त्यामुळे माझ्याकडची दोन मशीनं मी लेकरासारखी जपतो. लोक आणतात त्या बहुतेक लग्नाच्याच कॅसेट असतात. या कॅसेटवर मात्र बॉलपेननं लिहिलं होतं, ‘बोर्नव्हिटा क्विझ, फायनल’.

आषाढातली झड लागली होती. गुरुजींसोबत तिघं आले होते. किराणा दुकानवाले काकाजी, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर काका आणि गुरुजींची जुनी विद्यार्थिनी, आता गावात अंगणवाडी सेविका असलेल्या ताई.

“यंदा माळा उतरवला तं पेटीत सापडली,” गुरुजी म्हणाले. “पाहून घे बेटा, काही होते का.”

मग त्यांनी पिशवीतून एक जाड वही काढली. आमच्या भागात केबल नवी नवी आली होती त्या काळातली. आत मोजपट्टीनं आखलेले तक्ते होते. कोणत्या रविवारी कोणत्या शाळा खेळल्या, कोण किती गुणांनी पुढं गेलं. बाद फेरीची झाडासारखी आकृती उजवीकडे सरकत निमुळती होत गेलेली आणि शेवटचा चौकोन कोरा. मागच्या पानावर तसाच दुसरा तक्ता होता, गावातल्या शाळेचा. त्याचाही शेवटचा चौकोन कोराच.

बोर्नव्हिटा क्विझचा नाद गुरुजींना रेडिओपासूनचा. ही स्पर्धा १९७२ साली सुरू झाली, आधी शहरांमध्ये प्रत्यक्ष, मग रेडिओवर. तिथं हमीद सयानी आणि त्यांच्या मागून धाकटे भाऊ अमीन सयानी प्रश्न विचारायचे. १९८५ मध्ये दूरदर्शनवर सिद्धार्थ बसूंचं ‘क्विझ टाइम’ आलं, तेव्हा गुरुजी त्यासाठी अमरावतीला भावाकडे जाऊन बसायचे. १९९२ च्या ऑक्टोबरात झी टीव्ही सुरू झाला, पुढं बोर्नव्हिटा तिथं आली आणि डेरेक ओब्रायन प्रश्न विचारू लागले. गुरुजींनी शाळेच्या वर्गात टीव्ही लावला. प्रश्न इंग्रजीत, पोरं मराठी शाळेतली. डेरेक ओब्रायन प्रश्न अर्धा बोलले की गुरुजी त्यावर मोठ्यानं मराठीत सांगायचे आणि टीव्हीतल्या मुलांच्या आधी उत्तर द्यायला वर्ग उसळायचा.

“फायनलच्या दिवशी लाइन गेली,” काकाजी म्हणाले. “सगळे पोट्टे अंधारात बसून. कोनी घरी जाईना.”

भावानं अमरावतीत रेकॉर्ड करून एसटीनं कॅसेट पाठवली, पण गावात व्हीसीआर नव्हता. भाड्यानं आणू म्हणता म्हणता जून आला, गुरुजींची बदली झाली आणि कॅसेट पेटीत गेली. तेव्हापासून जिंकलं कोण यावर कंडक्टर काका एका शाळेचं नाव घेतात, काकाजी दुसरीचं. कंडक्टर काकांचा दावा पक्का होता. अकोल्याला डेपोच्या कँटीनमध्ये उभ्यानं पाहिलं, शेवटच्या बझरवर सामना फिरला, हे त्यांनी माझ्यासमोर दोनदा सांगितलं.

मी त्यांना संध्याकाळी यायला सांगितलं. कोणी हललं नाही.

बुरशीची कॅसेट थेट मशीनमध्ये घालायची नसते. बुरशी मशीनमधल्या फिरत्या ड्रमला लागते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला. तोंडाला मास्क बांधला, खालचे पाच स्क्रू काढले आणि दोन्ही गुंडाळ्या उचलून दुसऱ्या कोऱ्या खोक्यात बसवल्या. मग बिनधाग्याच्या कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन टेप चिमटीत धरली आणि हातानं हळूहळू गुंडाळत पुसत गेलो. अर्धा इंच रुंदीची टेप, तीन तासांच्या कॅसेटमध्ये अडीचशे मीटरच्या वर भरते. दर दोन-तीन मीटरला कापड बदलावं लागत होतं. ताई न सांगता पुढं आल्या आणि कापडाचे तुकडे करून हातात देऊ लागल्या. काकाजींनी समोरून चहा आणला. पासपोर्ट फोटोसाठी आलेल्या एका पोराला मी दोनदा थांब म्हटलं, तोही बाकावर बसून बघत राहिला.

दुपारी अडीचला कॅसेट लावली. पडद्यावर नुसत्या मुंग्या. ड्रमवरची टेप वाचणारी हेडं साफ केली. अल्कोहोलनं ओली केलेली चामड्याची पट्टी ड्रमला स्थिर धरायची आणि ड्रम हातानं आडवा फिरवायचा. पट्टी वरखाली घासली की हेड तुटलंच. तीनदा साफ केलं, तीनदा मुंग्या. चित्राचा थर बुरशीनं खाल्ला होता, त्यावर माझ्याकडे इलाज नव्हता. हे गुरुजींना कसं सांगावं, या विचारात मी हात पुसत उभा होतो.

तेवढ्यात मुंग्यांमधून टाळ्या ऐकू आल्या.

व्हीएचएसमध्ये आवाजाची पट्टी टेपच्या वरच्या काठाला वेगळी असते आणि ती जागेवर उभं असलेलं हेड वाचतं. चित्र फिरत्या ड्रमवरची हेडं तिरक्या रेषांत वाचतात. टेपचा मधला भाग गेला होता, काठ वाचला होता. नंतरच्या काळातल्या बऱ्याच मशीनांत चित्र गेलं की निळा पडदा येतो आणि आवाजही कापला जातो. माझं हे मशीन त्यांच्याआधीचं, त्यानं आवाज येऊ दिला.

“डेरेक ओब्रायन!” ताई ओरडल्या.

गुरुजी खुर्ची ओढून टीव्हीला चिकटून बसले. “रेडिओवर आयकत होतो तसंच आहे हे,” म्हणाले आणि वही मांडीवर उघडली.

पहिला प्रश्न आला. गुरुजींनी अर्ध्यातच मराठी सुरू केलं, वर्गातला तोच आवाज असणार. ताईंनी उत्तर दिलं, आणि मग टीव्हीतल्या मुलानं. मी रिमोट उचलला, म्हटलं प्रत्येक प्रश्नाला थांबवतो, म्हणजे नीट सांगता येईल.

“थांबवू नको,” गुरुजी म्हणाले. “त्या पोरायले कोनी थांबून देल्लं नाही.”

मग पाऊण तास मी रिमोटला हात लावला नाही. दर फेरीला गुरुजी गुण लिहीत होते. कुठं आवाज बुडायचा, दोन-चार शब्द जायचे, तेव्हा चौघंही श्वास रोखून पुढं वाकायचे. ताईंची सगळी उत्तरं बरोबर आली नाहीत, पण किती तरी आली. एका बरोबर उत्तरानंतर त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, “भाऊ, आपल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे शाळेत खिचडी शिजवत होत्या. २०१९ ले केबीसीत एक कोटी जिंकल्या. मी त्या रात्री झोपली नाही.”

शेवटच्या फेरीत शेवटच्या बझरची गरजच पडली नाही. निकाल त्याआधीच लागला होता. जिंकलेल्या शाळेचं नाव इथं लिहीत नाही, ती मुलं आज कुठं तरी संसारात असतील. काकाजींचं बरोबर निघालं. कंडक्टर काका गप्प बसले, चेहरा उतरला.

गुरुजींनी वहीची दोन पानं मागं उलटली आणि बोट ठेवलं. “हे पाहा. सेमीफायनल. शेवटचा बझर, दहा गुण. तू अकोल्याले जे पाह्यलं, ते हे होतं. तुह्यं पाहनं खोटं नव्हतं.”

कंडक्टर काकांनी चष्मा लावून ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. “बरोबर,” म्हणाले, “हेच पाह्यलं मी.” अकोल्याची त्यांची आठवण खरी होती, फक्त फायनलची नव्हती. त्यांना ते सांगताना गुरुजींनी किती जपलं, हे मी बघत होतो.

कोऱ्या चौकोनात गुरुजींनी शाळेचं नाव लिहिलं. हात थोडा कापला, अक्षर नाही.

मग ताईंनी वही स्वतःकडे ओढली आणि मागचं पान उघडलं, गावातल्या शाळेचा तक्ता. फायनलमध्ये दोन नावं होती, एक त्यांचं आणि दुसरं कंडक्टर काकांच्या मुलाचं. टीव्हीवरची फायनल झाल्यावर आपली घ्यायची, असं ठरलेलं. ती राहूनच गेली.

“गुरुजी, आपली बाकी आहे.”

मुलगा पुण्यात असतो. कंडक्टर काकांनी स्टुडिओतूनच त्याला व्हिडिओ कॉल लावला. तो ऑफिसातून बाहेर जिन्यावर आला, गुरुजींना पाहून त्यानं दोन्ही हात जोडले आणि कशासाठी फोन केला हे कळल्यावर बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “विचारा.”

फोन मी कॅमेऱ्याच्या स्टँडवर बसवला. ताई काउंटरशी येऊन उभ्या राहिल्या, बझर म्हणून उजवा हात लाकडावर. पासपोर्टवाला पोरगा गुण लिहायला बसला. गुरुजींनी वहीच्या शेवटच्या पानावर तेव्हाच लिहून ठेवलेले प्रश्न काढले.

“प्रश्न पहिला. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर कोणत्या खडकात...”

ताईंचा हात काउंटरवर आपटला.