लक्षणे दिसण्याआधीची वर्षे

कंपवात म्हटला की थरथरणारा हात डोळ्यांसमोर येतो आणि अल्झायमर म्हटला की घरच्यांची नावे विसरलेले वृद्ध माणूस. ही चित्रे खोटी नाहीत, परंतु ती आजाराच्या उत्तरार्धातील आहेत. चेतापेशींच्या ऱ्हासाचे बहुतेक आजार निदानाच्या कितीतरी वर्षे आधी सुरू झालेले असतात आणि हे ध्यानात घेतल्याशिवाय त्यांवरील उपचार इतके तोकडे का पडतात ते उमगत नाही, असे माझे मत आहे.

या आजारांमध्ये एक समान सूत्र आढळते. पेशीतील एखाद्या प्रथिनाची घडी चुकते, चुकीच्या घडीचे रेणू एकमेकांना चिकटून साचत जातात आणि त्या भागातील पेशी हळूहळू मरतात. अल्झायमरमध्ये अमायलॉइड आणि टाऊ ही प्रथिने साचतात, तर कंपवातात अल्फा-सिन्युक्लिन. साचलेले प्रथिन हे पेशी मरण्याचे कारण किती आणि परिणाम किती, यावर मात्र संशोधकांमध्ये अजूनही वाद आहे. कोणत्या भागातील पेशी आधी मरतात त्यावर लक्षणे ठरतात. एएलएस या अशाच आणखी एका आजारात स्नायूंना आज्ञा देणाऱ्या पेशी जातात, म्हणून हातापायांतील बळ ओसरते, पण स्पर्शाची जाणीव सहसा शाबूत राहते.

कंपवाताचे उदाहरण जरा जवळून पाहण्यासारखे आहे. जेम्स पार्किन्सन यांनी 1817 साली या आजाराचे वर्णन केले ते अवघ्या सहा रुग्णांच्या आधारे, आणि त्यांतील काहींना तर त्यांनी केवळ रस्त्यावर पाहिले होते! चालण्यातला फरक बाहेरून इतका स्पष्ट दिसतो. आत काय घडते ते पुष्कळ नंतर कळले. मध्यमेंदूत सब्स्टँशिया नायग्रा नावाचा काळसर पट्टा असतो, तेथील पेशी हालचाली सुरळीत ठेवणारे डोपामिन हे रसायन तयार करतात आणि त्याच कमी होत जातात. उरलेल्या पेशी काही काळ जास्तीचे काम अंगावर घेऊन उणीव भरून काढतात, त्यामुळे हालचाली मंदावून निदान होईपर्यंत सुमारे निम्म्या पेशी गेलेल्या असतात, असा अंदाज आहे. लेव्होडोपा हे औषध मेंदूत पोहोचून त्याचे डोपामिन होते आणि रुग्णाला खरोखर मोठा आराम मिळतो, पण पेशींचा नाश त्याने थांबत नाही.

त्या आधीच्या वर्षांतही खुणा असतातच, फक्त त्या मेंदूच्या आजाराच्या वाटत नाहीत. वास येईनासा होतो. बद्धकोष्ठता जडते. माणूस स्वप्नात ओरडतो, लाथा झाडतो. पुढे चालताना एकच हात अंगाशी आखडून राहतो, आणि लिहिताना ओळीच्या सुरुवातीची अक्षरे नेहमीची, तर शेवटची मुंगीएवढी होतात. यांतील प्रत्येक खुणेला दुसरी साधी कारणेही असू शकतात, तेव्हा वास गेला म्हणून लगेच धसका घेण्याचे कारण नाही. झोपेत हातपाय झाडण्याचा विकार मात्र मी हलक्यात घेणार नाही, कारण तो असलेल्या लोकांपैकी अनेकांना पुढे कंपवात किंवा त्याच्या जवळचा एखादा आजार होतो.

अल्झायमरमध्ये विस्मरण जाणवण्याच्या पंधरा-वीस वर्षे आधीपासून अमायलॉइड साचू लागते. अमेरिकेत 2023 साली पूर्ण मान्यता मिळालेले लेकॅनेमॅब हे औषध ते काढून टाकते, तरीही दीड वर्षाच्या चाचणीत घसरण सुमारे 27 टक्क्यांनीच मंदावली, शिवाय काही रुग्णांच्या मेंदूला सूज आली किंवा रक्तस्राव झाला. उपचार उशिरा सुरू होतो हे त्यामागचे एक कारण असावे.

मग आधीच चाचणी का करू नये? हंटिंग्टनच्या आजारात, म्हणजे चेतापेशींच्या ऱ्हासाच्या एका आनुवंशिक आजारात, हा प्रश्न सर्वांत धारदार होतो. त्याचे जनुक 1993 साली सापडले आणि रक्ताच्या तपासणीतून जवळजवळ निश्चित उत्तर मिळते, पण आजार रोखणारे औषध नसल्यामुळे धोका असलेल्या घरांतील पुष्कळ लोक ती तपासणी करतच नाहीत. मला त्यात भित्रेपणा दिसत नाही.

ज्यांना वर सांगितलेल्या खुणांपैकी एकाहून अधिक जाणवत असतील, त्यांनी मेंदूविकारतज्ज्ञांना भेटावे. जाताना चार-पाच वर्षांपूर्वीचे स्वतःचे हस्तलिखित आणि शक्य असल्यास जोडीदारालाही बरोबर न्यावे, कारण झोपेत आपण काय करतो हे रुग्णाला स्वतःला ठाऊक नसते.