शिकागोच्या फुटपाथवरची पिवळी पेटी

ऑक्टोबर २०२४ मध्ये भाचीकडे शिकागोला तीन आठवडे राहण्याचा योग आला. शहर सरोवराकाठचे, वारा बोचरा, आणि मला पाहायची होती ती तिथली छोटी नाटके. पहिल्याच गुरुवारी बेलमाँट स्थानकाचा जिना उतरताना भाची म्हणाली, "मामा, नाटक बघायचंय ना? मग आधी रीडर घे." स्थानकाबाहेर फुटपाथवर गुडघ्याच्या वर येईल एवढी पिवळी पेटी उभी होती. तिला नाणे टाकायची खाच नव्हती आणि शेजारी विक्रेताही नव्हता. दार ओढले आणि 'शिकागो रीडर'चा ताजा अंक हाती आला, पूर्णपणे फुकट. डोक्यावरच्या लोखंडी पुलावरून रेड लाइनची गाडी धडधडत गेली, तेव्हा आम्ही तिथेच एका खांबाला टेकून पाने चाळत होतो.

अशा पत्रांना अमेरिकेत पर्यायी साप्ताहिके म्हणतात. मोठी दैनिके ज्या बातम्यांकडे वळून पाहत नाहीत, त्या गल्लीबोळातल्या कला आणि नगरकारभाराच्या बातम्या सविस्तर छापणे हे त्यांचे काम. रीडरचा पहिला अंक १ ऑक्टोबर १९७१ रोजी निघाला. तो सोळा पानांचा होता आणि काढणारे होते मिनेसोटातल्या कार्लटन कॉलेजातून नुकतेच बाहेर पडलेले रॉबर्ट रॉथ आणि त्यांचे काही मित्र. अंक विकायचा नाही, कॉफीच्या दुकानांत, पुस्तकांच्या दुकानांत, रेकॉर्डच्या दुकानांत गठ्ठ्याने ठेवून द्यायचा, आणि खर्च जाहिरातींतून भागवायचा, हा त्यांचा हिशेब होता. तो अनेक वर्षे उत्तम चालला, कारण शहरात भाड्याने खोली शोधणारा तरुण छोट्या जाहिरातींसाठी रीडर उचलत असे, त्याच हाताने शनिवारच्या गाण्याच्या कार्यक्रमाची वेळ पाहत असे, आणि पान उलटता उलटता नगरसेवकांच्या कारभारावरचा हजारो शब्दांचा लेखही वाचून काढत असे. मला या रचनेचे फार मोल वाटते. नागरी प्रश्नांवरचे लेख वाचणारा वर्ग वेगळा आणि नाटक-गाण्याचा वेगळा, अशी फाळणी या कागदाने कधी केली नाही. आपल्याकडे 'माणूस' आणि 'साधना' या साप्ताहिकांवर वाढलेल्या पिढीला हे लगेच उमगेल, जरी त्यांचे अर्थकारण अगदी निराळे होते.

छोट्या जाहिराती इंटरनेटवर फुकट मिळू लागल्या आणि या घराचा आधाराचा वासाच निखळला. २००७ मध्ये मालकी बदलली, पुढे आणखी काही वेळा बदलली, २०२० मध्ये साप्ताहिक पाक्षिक झाले, २०२२ मध्ये ते ना-नफा संस्थेकडे गेले, आणि मी पोहोचलो त्याच वर्षी उन्हाळ्यात पुन्हा दर आठवड्याला निघू लागले होते. (ऑगस्ट २०२५ मध्ये ते पुन्हा नव्या मालकांकडे गेले, सिएटलचे 'द स्ट्रेंजर' हे पत्र चालवणारी कंपनीच ती.)

दुसऱ्या आठवड्यात मी एक अख्खा दिवस हॅरॉल्ड वॉशिंग्टन ग्रंथालयात काढला. शहराच्या पहिल्या कृष्णवर्णीय महापौरांचे नाव दिलेल्या या इमारतीच्या नवव्या मजल्यावर काचेच्या छताखाली एक प्रशस्त दालन आहे. तिथे बसून जॉन कॉनरॉय यांचा जानेवारी १९९० मधला 'हाउस ऑफ स्क्रीम्स' हा लेख मी शेवटपर्यंत वाचला. शहराच्या दक्षिण भागातल्या एका पोलीस ठाण्यात जॉन बर्ज हा अधिकारी आणि त्याचे सहकारी संशयितांचा छळ करीत असल्याचे आरोप त्यात साक्षी-पुराव्यांसह मांडलेले आहेत: हाताने फिरवायच्या यंत्राचे विजेचे झटके, तोंडावर आवळलेले प्लॅस्टिक, आणि अँड्र्यू विल्सन नावाच्या आरोपीला खोली उबदार ठेवणाऱ्या तापलेल्या रेडिएटरला भिडवून बांधल्याने छातीवर आणि मांडीवर उठलेले भाजल्याचे डाग. विल्सनवर दोन पोलिसांच्या हत्येचा आरोप होता. त्याच्याबद्दल कोणाला कणव वाटण्याचे कारण नव्हते, आणि म्हणूनच कॉनरॉय यांनी त्याच्यापासून सुरुवात केली याचे मला विशेष वाटले. लेख छापून आल्यावर शहर पेटून उठले नाही. कॉनरॉय मात्र पुढची सतरा वर्षे त्याच विषयाकडे परत परत येत राहिले. बर्जला १९९३ मध्ये नोकरीतून काढले. छळाच्या गुन्ह्याची मुदत टळून गेलेली असल्यामुळे २०१० मध्ये तो दोषी ठरला तो शपथेवर खोटे बोलल्याबद्दल आणि न्यायाच्या कामात अडथळा आणल्याबद्दल. आणि २०१५ मध्ये शहराने पीडितांसाठी ५५ लाख डॉलरची भरपाई मंजूर केली. हा इतिहास आता तिथल्या सरकारी शाळांत आठवीत आणि दहावीत शिकवला जातो. कॉनरॉय यांना मात्र २००७ च्या डिसेंबरात खर्चकपातीत आणखी तीन जुन्या लेखकांसह कमी करण्यात आले होते. हे वाचून मी बराच वेळ नुसता बसून राहिलो.

त्याच संध्याकाळी नाटक होते. रीडरमधल्या आठ-दहा ओळींच्या परीक्षणावरून आम्ही ते निवडले होते. गाडी लावल्यावर भाचीने फोनवरून पार्किंगचे पैसे भरले आणि म्हणाली, "हे पैसे महापालिकेला जात नाहीत बरं का." २००८ च्या डिसेंबरात शहराने आपले सुमारे ३६,००० पार्किंग मीटर ७५ वर्षांसाठी एका खासगी कंपनीला ११५ कोटी डॉलरना देऊन टाकले. प्रस्ताव जाहीर झाल्यावर अवघ्या दोन दिवसांत नगरसेवकांनी तो ४० विरुद्ध ५ मतांनी संमत केला. हा व्यवहार कसा झाला, कोणी कोणाला काय विचारले नाही, हे बेन जोराव्स्की आणि मिक डुमके यांनी रीडरमध्ये उकलून दाखवले, आणि शहराच्याच कारभाराची तपासणी करणाऱ्या महानिरीक्षकांनी पुढे हिशेब मांडला की मीटरांची खरी किंमत त्याहून सुमारे ९७ कोटी डॉलरने अधिक होती. भाचीला हे आकडे तोंडपाठ होते.

नाट्यगृह म्हणजे पूर्वीचे एक दुकान होते. दर्शनी काचेला काळा पडदा लावलेला, आत चाळीसएक घडीच्या खुर्च्या, तिकीट देणारी मुलगीच नंतर रंगमंचावर आईच्या भूमिकेत आली. दुकानांच्या जागेत चालणारी अशी नाटके ही शिकागोची खरी ओळख आहे, आणि मोठ्या दैनिकांचा समीक्षक त्यांच्यापर्यंत क्वचितच पोहोचतो. नट आमच्यापासून चार हातांवर होते, त्यांचा श्वास ऐकू येत होता. दुसऱ्या अंकात एक लांब शांतता होती. त्या शांततेत भिंतीलगतचा जुना लोखंडी रेडिएटर फुसफुसला आणि मग टण्‌ टण्‌ वाजू लागला. बाकीचे प्रेक्षक हलले नाहीत. त्या शहरात हिवाळ्याच्या तोंडाशी हा आवाज घरोघर असतो. मी मात्र मांडीवर दुमडून ठेवलेला रीडर घट्ट धरला आणि त्या रेडिएटरकडे पाहत राहिलो.